गळा बघायचा, दिवस मोजायचे

फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. मुलुंडला मधुदादाच्या हॉलमधल्या दुसऱ्या टाकीची काच मी आतून पुसत होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. हॉस्पिटलमध्ये त्या वेळी त्याच्याजवळ माझी बायको नीता बसली होती. ती म्हणाली, "अहो, या." मी विचारलं, "लगेच?" ती म्हणाली, "आता लगेच काय आणि..." मी फोन खिशात टाकला आणि राहिलेली काच पुसून काढली. काढलेलं पाणी बादलीनं संडासात ओतलं, भरून ठेवलेलं शिळं पाणी टाकीत सोडलं, पंप चालू केला. चारही टाक्यांना खाणं घातलं. सगळे मासे वर आले, खाऊन खाली गेले. मग मी हात साबणानं धुतले, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षा शोधायला निघालो. या सगळ्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. नीतानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, रिक्षा मिळत नव्हती. रिक्षा गेटवरच उभी होती.

आज त्याला दोन महिने होत आले. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. मी मान हलवतो.

मधुदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. घाटकोपरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो लॅब अटेंडंट होता. बरण्या पुसायच्या, बेडूक आणि मासे मुलांपुढे मांडायचे, तास संपला की ट्रे धुवायचे. पण सगळे त्याला मास्तर म्हणत. नवीन आलेले प्राध्यापकही वर्गात जाण्याआधी हळूच विचारून जात, "मधुकर, ह्याची मादी कुठली रे?" त्याच्या घरी हॉलमध्ये सोफा नव्हता, पाच टाक्या होत्या. त्याची मुलगी प्राजक्ता लहानपणी मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे माशांना टूबीएचके आणि पाहुण्यांना स्टूल." त्यावर शुभावहिनी म्हणायच्या, "स्टूल तरी कुठे, त्याच्यावर पण डबे असतात ह्यांचे." दादा हसायचा आणि डबे उचलून खिडकीत ठेवायचा. थोड्या वेळानं डबे पुन्हा स्टुलावर.

मी बी.कॉम. होऊन संगमेश्वरकडच्या आमच्या गावाहून मुंबईत आलो तो त्याच्याच घरी. दोन वर्षं राहिलो, टाक्यांच्या समोर गादी घालून झोपायचो. त्यातल्या तीन टाक्यांत आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले निळे-पिवळे मासे होते. त्यांची मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून धरते. तीन आठवडे ती काही खात नाही. मला हे माहीत नव्हतं. दादा आणि वहिनी चार दिवसांसाठी गावी गेले आणि टाक्या माझ्यावर सोपवून गेले. त्यातली एक पिवळी मादी कोपऱ्यात जाऊन बसली. खाणं टाकलं की सगळे तुटून पडायचे, ही हलायची नाही. मी तिच्या पुढ्यात टाकलं, जास्त टाकलं, अळ्या आणून टाकल्या. पाणी गढूळ झालं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं ही आता मरते, आणि तिला वेगळं ठेवावं म्हणून मी जाळीनं धरलं. जाळीत येताच तिनं तोंड उघडलं. केशरी मण्यांसारखी वीसेक अंडी पाण्यात पसरली आणि मी बघत असताना बाकीच्या माशांनी ती खाऊन टाकली. ती मादीसुद्धा खाऊ लागली.

दादा परत आल्यावर मी सांगितलं. तो ओरडला नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यानं मला टाकीसमोर बसवलं. "विन्या, मासा खात नाही म्हणजे आजारीच असतो असं नाही. विणीच्या आधी तो नेहमीपेक्षा जास्त खातो, राक्षसासारखा, तेव्हा भरपूर द्यायचं. विणीत खात नाही, तेव्हा थांबायचं, काच वाजवायची नाही, जाळी लावायची नाही. आणि पिल्लं सोडल्यावर त्याला भूक लागते, पण तेव्हा एकदम द्यायचं नाही. वेगळं ठेवून थोडं थोडं द्यायचं. कळलं?" मी हो म्हणालो. "आणि न खाणारा मासा दिसला की आधी गळा बघायचा. गळा फुगलेला असेल तर सोडून दे, ती तिच्या कामात आहे. गळा रिकामा असेल आणि खात नसेल, तर तो आजारी. मग वाट बघत बसायचं नाही." एवढं बोलून त्यानं कॉलेजातून आणलेली काचेवर लिहायची लाल पेन्सिल दाखवली. मादीनं अंडी उचलली की त्या दिवसापासून टाकीच्या काचेवर रोज एक रेघ. बाविसाव्या-तेविसाव्या रेघेपर्यंत तिनं पिल्लं सोडली नाहीत, तर काहीतरी बिनसलं आहे असं धरायचं. शिवाय त्यानं एक पुठ्ठा कापून त्यावर 'खाणं देऊ नये' असं लिहिलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि दोरा ओवला. त्या दिवसापासून ज्या टाकीत अशी मादी असेल त्या टाकीवर तो पुठ्ठा लटके. तो माझ्यासाठी होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. प्राजू तेव्हा सहा वर्षांची. "काका, वाचता येतं ना?" असं ती रोज विचारायची.

दादाला हा विषय कुठेही पुरायचा. रविवारी आम्ही मासळीबाजारात जायचो. तिथली कोळीण मावशी त्याला ओळखायची. तो विकत घेण्याआधी पोट चिरून बघायला सांगायचा. गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेला मासा असेल तर मला दाखवायचा, "बघ, गाबोळीनं पोट गच्च, आणि आतडी रिकामी. हिनं कित्येक दिवसांत काही खाल्लेलं नाही." मावशी कोयती थांबवून म्हणायची, "काय वो मास्तर, मावरं खायाला नेताय का शालेत शिकवायला?" पण एकदा तिनंच त्याला शिकवलं. शिंगाळा नावाच्या माशाचं तोंड तिनं बोटानं उघडून दाखवलं. आत गोट्यांएवढी अंडी. "ह्यो नर हाय. बापूस. अंडी तोंडात धरतो, याच्या पोटात काय गावत नाय. नुसती हाडं." दादा बराच वेळ ते बघत राहिला. मग म्हणाला, "हा नको. दुसरं काहीतरी दे." मावशी म्हणाली, "मेलाय तो मास्तर. त्याला काय सोडताय आता."

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं आणि दादाच्याच सोसायटीत, सी विंगमध्ये आम्ही भाड्यानं राहायला आलो, मग तेच घर घेतलं. प्राजक्ता लग्न होऊन टोरांटोला गेली. सहा वर्षांपूर्वी शुभावहिनी गेल्या. दादा निवृत्त झालेला, एकटा, पण टाक्या होत्या. नीता दुपारचा डबा पाठवायची आणि बहुतेक वेळा तो मीच ऑफिसला जाताना देऊन जायचो. प्राजूला दोनदा दिवस राहून ते वाया गेले होते. दुसऱ्या वेळी ती नुसता फोन धरून बसली होती आणि दादा इकडे तसाच. गेल्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी तिला झोपूनच राहायला सांगितलं होतं. दादा तिला रोज फोन करायचा आणि फक्त माशांबद्दल बोलायचा.

तिला सहावा संपत आला तेव्हा दादाचं जेवण कमी झालं. सुरुवातीला डब्यात पोळ्या परत यायला लागल्या. नीता म्हणाली, "दात दुखत असतील, भात पाठवते." मग भातही यायला लागला. मग एकदम डबा स्वच्छ, धुतलेला यायला लागला आणि आम्हाला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी आमचा वॉचमन मला म्हणाला, "साहब, भाभी के हाथ की दाल एकदम मस्त." मी त्याला विचारलं नाही, तुला कुठून मिळाली. वर गेलो. दादा टाकीसमोर स्टुलावर बसला होता. शर्टाची कॉलर मानेभोवती मोठी झाली होती आणि मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकलं होतं. हे मला दिसत होतं, आजच दिसलं असंही नाही.

"दादा, जेवत का नाहीस?"

"जेवतो की. पेज घेतो, दूध घेतो."

"पोळी?"

"घास अडकतो रे. इथे." त्यानं छातीच्या वर बोट ठेवलं. "पाण्याबरोबर जातो कधी. कधी नाही."

"मग डॉक्टरकडे जाऊया. उद्या रजा टाकतो."

"प्राजूचं होऊ दे." तो टाकीकडेच बघत होता. "आत्ता काही निघालं तर तिला कळणार. तू सांगशील, नाहीतर नीता सांगेल. ती उठून विमानात बसेल. तिसऱ्यांदा तसं व्हायला नको."

"अरे, पण..."

"काय पण? विणीत मासा खात नाही. त्याला कोण डॉक्टरकडे नेतं का? तुला शिकवलंय मी. वाचता येतं ना?"

मी हसलो. इथे मला थांबून हे नीट लिहायला हवं, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. मी हसलो आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ऑफिसात तेव्हा ऑडिट चालू होतं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, पुन्हा हॉस्पिटल मला नको होतं. दादानं मला सुट्टी दिली होती आणि ती मी घेतली. त्याच्या शब्दाचा मान राखला असं मी स्वतःला सांगत राहिलो. एकदा जाळी घालून मी सगळं घालवलं होतं, पुन्हा तसं करायचं नाही, असंही सांगितलं. नीतानं दोन-तीनदा विषय काढला. "अहो, दादा वाळत चाललेत." मी म्हणालो, "त्यांचं त्यांना कळतं." ती म्हणाली, "माशांचं कळतं त्यांना." मी वर्तमानपत्र उलटलं.

मग प्राजूचा फोन मला यायला लागला. ती हुशार मुलगी. वडिलांना विचारून काही हाती लागत नाही म्हणून तिनं मला विचारलं. "काका, बाबा व्हिडिओवर येत नाहीत हल्ली. नुसत्या टाक्या दाखवतात. जेवतात ना नीट?"

मी म्हणालो, "हो. जेवतात की."

"नक्की?"

"अगं, नीताच्या हातचं आहे. डबा चाटून पुसून येतो."

डबा चाटून पुसूनच येत होता. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. हे मी तिला चार वेळा सांगितलं. पुढे पुढे ती विचारायच्या आधीच मी सांगायला लागलो.

त्या दिवसांत मी रोज त्याच्याकडे जात होतो आणि जाता-येता एक गोष्ट बघत होतो. खिडकीजवळच्या पाचव्या टाकीच्या काचेवर लाल पेन्सिलीच्या रेघा वाढत होत्या. चार उभ्या आणि एक आडवी, असे पाच-पाचचे गठ्ठे. मला वाटायचं, एखादी मादी बसली असेल. मी कधी वाकून आत बघितलं नाही.

प्राजूला मुलगी झाली. वेळेआधी दोन आठवडे, पण धडधाकट. त्या दिवशी दादा व्हिडिओवर आला. त्यानं अंगावर शाल घेतली होती, आणि मुंबईत शाल कशाला असं प्राजूनं विचारलं नाही कारण तिचं लक्ष बाळाकडे होतं. दादानं बाळाकडे बघितलं, नंतर म्हणाला, "दूध ओढते का नीट?" प्राजू म्हणाली, "खूप." तो म्हणाला, "बस." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "चल, कुठे न्यायचंय तिथे ने."

हॉस्पिटलमध्ये दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिकेत गाठ, खाली यकृतापर्यंत पसरलेली. तरुण डॉक्टर होते, त्यांनी कागदावरून मान न उचलता विचारलं, "गिळताना त्रास किती दिवसांपासून?" मी म्हणालो, "महिनाभर..." दादा म्हणाला, "चौऱ्याण्णव दिवस." डॉक्टरांनी मान वर केली. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही नव्हतं, रागही नाही. ते फक्त नातं काय आहे ते ठरवत असावेत.

त्याला भरती करून मी संध्याकाळी टाक्यांना खाणं घालायला त्याच्या घरी आलो. पाचव्या टाकीसमोर गुडघ्यावर बसलो. आत पाणी होतं, वाळू होती, एक फुटकं मडकं आडवं ठेवलेलं होतं. मासा एकही नव्हता. मी रेघा मोजल्या. अठरा गठ्ठे आणि चार रेघा. दुसऱ्यांदा मोजल्या, तेवढ्याच. दादा दिवस मोजून वाट बघत होता. तो नेहमीच मोजून वाट बघायचा. मी त्याच्याकडून वाट बघणं तेवढं शिकलो होतो. गळा बघायचा, हे त्यानं त्याच दिवशी, त्याच स्टुलावर बसून सांगितलं होतं. गळा रिकामा असेल तर वाट बघत बसायचं नाही. ते मला पाठ होतं. मी ते वापरलं नाही.

पाच आठवड्यांनी तो गेला. आधी नेलं असतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटतं, सगळ्यांना ते असंच सांगत असतील.

प्राजूला इतक्या लहान बाळाला घेऊन येणं शक्य नव्हतं. दहावा-बारावा तिनं मोबाइलवर बघितला. तेरवीनंतर दोन दिवसांनी तिचा फोन आला. बाळ मागे कुरकुरत होतं. "काका, बाबा खरंच जेवत होते?" मी सांगितलं. वॉचमनचं सांगितलं, घास अडकण्याचं सांगितलं, रेघांचं सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेसुद्धा सांगितलं. ते सांगायला नको होतं असं नीता म्हणते. मला माहीत नाही. प्राजूनं बाळाला उचललं, त्याचं कुरकुरणं फोनच्या जवळ आलं. मग म्हणाली, "त्यांनी नाही सांगितलं, ते समजू शकते. पण यायचं की नाही, ते मी ठरवलं असतं ना काका? मला विचारायचं तरी." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "ठेवते." त्यानंतर ती नीताला फोन करते, बाळाचे फोटोही नीताला पाठवते. मी शेजारी बसलेला असतो. माझ्याबद्दल ती विचारत नाही. मी मध्ये बोलत नाही.

दादाचं घर अजून तसंच आहे. मी सकाळ-संध्याकाळ टाक्या बघायला जातो. पाचवी टाकी मी आतून धुतली, बाहेरून काच पुसली नाही. परवा जेवताना नीतानं अर्धी पोळी ताटात ठेवली. मी विचारलं, "का गं, अडकते का?" ती म्हणाली, "पोट भरलं, दुसरं काय." मी तिच्याकडे बघत राहिलो तेव्हा तिनं ती अर्धी पोळी उचलून खाल्ली.

तेरवीच्याच आठवड्यात दुसऱ्या टाकीतली एक पिवळी मादी कोपऱ्यात जाऊन बसली. मी वाकून बघितलं. गळा फुगलेला होता. खिळ्यावरचा पुठ्ठा काढून त्या टाकीला लावला, ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढली आणि पहिली रेघ ओढली. रोज ओढत गेलो. बाकीच्यांना दुसऱ्या टोकाला खाणं द्यायचो. ती बघायची, येत नसे. एकोणीस, वीस... बाविसाव्या दिवशी सकाळी गेलो तर त्या टाकीतल्या मडक्याच्या तोंडाशी तांदळाएवढी पिल्लं पोहत होती आणि ती त्यांच्याभोवती फिरत होती. पोट आत गेलेलं, डोकं मोठं दिसत होतं. मी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि प्राजूला पाठवला. काही लिहिलं नाही. निळ्या खुणा लगेच उमटल्या. दिवसभर उत्तर आलं नाही. तिच्याकडे रात्र होती, बाळ होतं, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाण्याचा डबा उघडत होतो तेव्हा मेसेज आला. एवढाच होता: "तिला वेगळं काढा काका. थोडं थोडं द्या. एकदम नको."

मी तो दोनदा वाचला. मग पाचवी टाकी पाण्यानं भरली, पंप लावला, पाणी निवळायला दुपारपर्यंत थांबलो. मादीला मगमध्ये घेऊन तिकडे सोडलं. पुठ्ठा काढून खिळ्याला अडकवला. चिमटीत मावेल तेवढंच खाणं घातलं आणि स्टुलावर बसलो. आधी ती आली नाही. मग आली.